विभाग चौदा, रांग बावीस, आसन एक

टिलमन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एकतीस हजार दोनशे आसने आहेत. त्यांपैकी विभाग चौदा, रांग बावीस, आसन एक एवढेच काय ते गेली एक्केचाळीस वर्षे नियमितपणे झिजत आले आहे. उरलेली आसने नव्यासारखी आहेत, असे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात दरवर्षी अभिमानाने छापतात.

हे आसन झिजवणारे गृहस्थ म्हणजे वर्लिन स्टकी. निवृत्त पोस्टमन, वय बहात्तर, डोक्याला नारिंगी लोकरी टोपी. आमच्या टिलमन फॉल्सचा संघ साळिंदर या नावाने ओळखला जातो आणि साळिंदर बहुतेक वेळा हरतात. पण त्यांचा घरच्या मैदानावरचा एकही सामना वर्लिनने आजवर चुकवलेला नाही. एकदा अंगात ताप होता, तरी गेला. एकदा पोटच्या मुलीचे लग्न होते. ते त्याने मध्यंतराच्या वीस मिनिटांत उरकायला लावले. पाद्रीबुवांनी उपदेश जरा लांबवला, तेव्हा नवरदेवानेसुद्धा घड्याळाकडे पाहिले.

आता कोणी म्हणेल, बाकीच्या गावाला फुटबॉलची आवडच नसेल. छे, भलतेच! शनिवारी सकाळी सात वाजल्यापासून स्टेडियमच्या बाहेरच्या गाडीतळावर सोळा-सतरा हजार माणूस जमते. गाड्यांच्या डिक्या उघडतात, शेगड्या पेटतात, डुकराच्या बरगड्यांचा धूर वर चढतो, बिअरचे डबे फुटतात. सगळ्यांच्या अंगात नारिंगी सदरे. प्रत्येक गाडीमागे जनरेटरवर चालणारा एक भला थोरला टीव्ही असतो आणि त्यावर हे सतरा हजार लोक तोच सामना बघतात, जो त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे चाललेला असतो. प्रक्षेपण चार सेकंद उशिरा येते. त्यामुळे आधी भिंतीच्या आतून वर्लिन "अरे पळ, पळ!" असे ओरडलेला ऐकू येतो आणि चार सेकंदांनी बाहेर सगळे ओरडतात. आत कोणी यायचे नाही. आत साधारण नऊशे लोक. त्यांतले निम्मे सावली शोधायला आलेले.

वर्लिनची बायको ओलेटासुद्धा बाहेरच. तळावरची तिची मसाला भरलेली अंडी पंचक्रोशीत प्रसिद्ध.

"एकदा तरी आत चल गं," वर्लिन दर शनिवारी म्हणे.

"आत काय आहे?"

"सामना आहे."

"तो इथंही आहे." ओलेटा टीव्हीकडे चिमटा रोखी. "शिवाय इथं बरगड्या आहेत. तुझ्या त्या बाकड्यावर कोण वाढतं बरगड्या?"

"ह्या वर्षी टॅम्सिन आहे, ओलेटा."

टॅम्सिन म्हणजे त्याच मध्यंतरातल्या लग्नाची लेक. यंदा विद्यापीठाच्या बँडमध्ये तिची निवड झाली होती. सूझाफोन नावाचे, अंगाभोवती वेटोळे घालून बसणारे, परातीएवढ्या तोंडाचे पितळी वाद्य ती वाजवी. हंगामातल्या शेवटच्या घरच्या सामन्याच्या मध्यंतरात अर्धे मिनिट तिने एकटीने वाजवायचे, असे ठरले होते.

"टॅम्सिनचं काय, टीव्हीवर दिसेलच की," ओलेटा म्हणाली. "नातीला बघायला बावीस रांगा चढायच्या, माझ्या गुडघ्यांचा काही विचार?"

टॅम्सिनने मात्र आजोबांना वेगळे गाठून सांगितले होते. "आजोबा, रिकाम्या स्टेडियमकडे बघितलं ना, की माझी फुंकच चुकते. मी फक्त बाविसाव्या रांगेत बघणार. तू दिसलास तर सूर लागेल. नाही दिसलास, तर ट्रकचा भोंगा वाजल्यासारखं होईल, आधीच सांगते."

"मी कधी नसतो का गं तिथं?" वर्लिन म्हणाला.

खरे तर गोष्ट इथेच संपायची. पण ऑक्टोबरात विद्यापीठांच्या फुटबॉल महासंघाचे पत्र आले.

पत्र थोडक्यात असे होते : घरच्या सामन्यांना पंधरा हजार प्रेक्षक हवेत. हंगाम संपेपर्यंत एकदाही हा आकडा गाठला नाही, तर साळिंदरांची खालच्या श्रेणीत रवानगी होईल. खालच्या श्रेणीत बँडची तरतूद नसल्याने बँड बरखास्त होईल. घरचे तीन सामने शिल्लक होते. विद्यापीठाने तातडीने डॉ. लेलँड प्रूइट यांना प्रेक्षक-उपस्थिती संवर्धन अधिष्ठाता नेमले. डॉ. प्रूइट हे मोठे विद्वान गृहस्थ. त्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांची दृष्टी निःपक्षपाती होती.

त्यांनी अनुपस्थिती कारणमीमांसा समिती स्थापन केली आणि पहिला साक्षीदार म्हणून वर्लिनला बोलावले.

"मिस्टर स्टकी, प्रेक्षक सामन्याला का येत नाहीत?"

"ते मला कसं कळणार साहेब? मी तर येतो."

"बरं. तुम्ही का येता?"

"सामना बघायला."

समितीत कुजबूज झाली. "दुसरं काही कारण?" डॉ. प्रूइट यांनी समजुतीच्या स्वरात विचारले. "करमणुकीचा अनुभव? समुदायाशी नाते? सवलतीतले पेय?"

"सामना असतो ना साहेब तिथं."

'साक्षीदार सहकार्य करत नाही,' अशी नोंद करून वर्लिनला घरी पाठवण्यात आले. मग समितीने न येणाऱ्यांची पाहणी केली. दोनशे चौदा कारणे हाती लागली. आत ऊन लागते. आत गारठा असतो. संघ हरतो, मग जाऊन काय करायचे. संघ जिंकला तर सवय नाही, घाबरायला होते. आत मेहुणा भेटतो. पण सतरा हजारांपैकी सोळा हजारांनी दिलेले कारण एकच होते : 'बाहेर मजा येते.'

डॉ. प्रूइट यांनी त्या वाक्यावर तीन दिवस चिंतन केले आणि चौथ्या दिवशी टाळी वाजवली. "लोकांचं काहीही चुकत नाहीये! लोक आलेले आहेतच. आपलं फाटक चुकीच्या जागी आहे!"

नियमपुस्तकात उपस्थितीची व्याख्या 'फाटकाच्या आत असलेली मनुष्यसंख्या' अशी होती. भिंत कुठे असावी, आसने कुठे असावीत, याबद्दल पुस्तक मुग्ध होते. तेव्हा फाटक उचलून गाडीतळाच्या तोंडाशी नेण्यात आले. आता अख्खा गाडीतळ स्टेडियमच्या आत आला. समितीने केक कापला.

पुढचा शनिवार उजाडला. लोक गाड्या घेऊन आले, तर तोंडाशीच फाटक! तपासनीस डेल्बर्ट क्रॅमर प्रत्येकाची झडती घेत होता, कारण स्टेडियमच्या आत स्टेडियमचे नियम. शेगडीला मनाई. बाहेरचे अन्न मना. पिशवी पारदर्शकच हवी. ओलेटाची अंडी डेल्बर्टने जप्त केली आणि कर्तव्यबुद्धीने तिथेच संपवली.

"बाहेर चला रे सगळे!" ओलेटा गरजली, आणि सतरा हजार लोक रस्ता ओलांडून समोरच्या चर्चच्या आवारात गेले. शेगड्या पेटल्या. टीव्ही लागले. त्या दिवशीची उपस्थिती चारशे बारा भरली, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. सावली शोधणारेही चर्चच्या सावलीत गेले होते.

डॉ. प्रूइट डगमगले नाहीत. दुसऱ्या सामन्याला त्यांनी फाटक चर्चच्या पलीकडे नेले. लोक त्याच्या पलीकडच्या लाकडाच्या वखारीत गेले. त्या रविवारी चर्चची प्रार्थना स्टेडियमच्या आत भरली, हा भाग निराळा. पाद्रीबुवांना पारदर्शक पिशवीतून बायबल आणावे लागले. उपस्थिती एकशे नव्वद.

आता एकच सामना उरला. टॅम्सिनचा. वर्लिनची झोप उडाली. डॉ. प्रूइट यांचीही उडाली, पण त्यांच्या जागरणातून कल्पना निघाली.

"अर्धवट उपाय पुरे झाले," ते नगरपरिषदेत म्हणाले. "फाटक गावच्या वेशीवर न्या. चारी महामार्गांवर. अख्खं टिलमन फॉल्स हेच स्टेडियम! जाऊन जाऊन जातील कुठे?"

नगरपरिषदेने ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर केला. गाव स्टेडियम झाले की रस्त्यांच्या खड्ड्यांची जबाबदारी विद्यापीठाकडे जात होती, हे टाळ्यांचे कारण इतिवृत्तात आलेले नाही.

मग काय विचारता! गावातला प्रत्येक सोफा, प्रत्येक खुर्ची अधिकृत आसन झाली आणि तिला क्रमांक मिळाला. शनिवारी अकरा वाजता राष्ट्रगीत लागले की न्हाव्याने अर्धी दाढी सोडून उभे राहायचे. छत्री उघडायला बंदी. प्रसूतिगृहात बाळ जन्मले की आधी त्याचे तिकीट फाडायचे. टेकडीवरच्या दफनभूमीला पश्चिम विभाग म्हणून मान्यता मिळाली आणि तिथल्या अकराशे चाळीस जणांची गणना आजीव सदस्यांत झाली. डॉ. प्रूइट यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले, कारण सामना अर्धवट टाकून ते कधीही उठून गेले नव्हते.

घरोघरी माणशी एक उपस्थिती-उशी वाटण्यात आली. उशी सोफ्यावर ठेवायची, वर माणूस बसला की वजनावरून आकडा थेट समितीकडे जाई. वर्लिनच्या घरी उशीबरोबर पत्रही आले. 'आपले जुने आसन रद्द करण्यात येत आहे. यापुढे आपण विभाग दोनशे सहा, मेपल रस्ता, तपकिरी सोफा, उजवी कड येथे बसून सामन्यास उपस्थित राहावे.'

वर्लिन पत्र घेऊन तडक समितीत गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे वाटली, पण असले पत्र त्याने कधी कोणाच्या पेटीत टाकले नव्हते.

"साहेब, सोफ्यावर मी रोजच असतो. मला सामन्याला जायचंय. माझी नात वाजवणार आहे."

"आपण सामन्यालाच आहात, मिस्टर स्टकी. रात्रंदिवस! गावाबाहेर पडल्याशिवाय आपण सामन्यातून बाहेर पडूच शकत नाही."

"पण ते जुनं स्टेडियम? तिथली आसनं?"

"ती आसनं राहिलेली नाहीत," डॉ. प्रूइट म्हणाले. "सगळ्यांना घरी आसनं दिल्यावर तिथली एकतीस हजार रिकामी दिसणार. रिकामी आसनं टीव्हीवर वाईट दिसतात. म्हणून आम्ही त्यांना साहित्य साठवण क्षेत्र घोषित केलं आणि वर ताडपत्री घातली. छान गर्दीचं चित्र छापलंय तिच्यावर. माणसांना तिथं प्रवेश नाही. अपघात झाला तर विमा मिळत नाही."

वर्लिन घरी आला आणि तपकिरी सोफ्याच्या उजव्या कडेला बसून चक्क रडला. समितीकडे एक आकडा वाढला.

शनिवारी सकाळी ओलेटा बरगड्या बांधू लागली.

"कुठं निघालीस? अख्खं गाव आत आहे ना आता?"

"म्हणून तर आम्ही बाहेर चाललोय! वेशीपलीकडे क्लॉपचं मक्याचं रान मोकळं झालंय, सगळे तिथंच जमतायत." तिने बटाट्यांचे मोठे पोते ओढत आणले आणि आपल्या उशीवर धप्पदिशी ठेवले. उशीवर हिरवा दिवा लागला. "हे बघ, मी हजर! समोरच्या ग्लॅडिसनं भोपळा ठेवलाय. भोपळा छान बसतो."

बाहेर जाणाऱ्यांना फाटकावर कोणीही अडवले नाही, कारण नियम आत येणाऱ्यांसाठी होते. सकाळी दहापर्यंत टिलमन फॉल्समध्ये कुत्रे भुंकेनासे झाले. त्यांनाही नेले होते. सोफ्यासोफ्यांवर बटाटे, भोपळे, सिमेंटची पोती आणि एका घरी पियानोचे स्टूल अशी मंडळी राष्ट्रगीताची वाट बघत बसली. बरोबर अकरा वाजता ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली : "आजची उपस्थिती एकोणीस हजार चारशे सहा!" महासंघाचे निरीक्षक टीव्हीवर गहिवरले. संघ वाचला. बँड वाचला. डॉ. प्रूइट यांना त्याच क्षणी कुलगुरूंचे अभिनंदनाचे पत्र गेले.

वर्लिननेही बटाट्यांचे एक पोते उजव्या कडेला बसवले, टोपी चढवली आणि स्टेडियमकडे चालू लागला. दाराशी डेल्बर्ट एकटाच उभा होता.

"मागं फिर, वर्लिन. माणसांना मनाई आहे."

"डेल्बर्ट, एक्केचाळीस वर्षं तू माझं तिकीट फाडतोयस. तुझ्या पोराच्या नोकरीचं पत्र मी पावसात चालत आणून दिलं होतं, लेका!"

"आठवतंय रे. पण नियम म्हणजे नियम." डेल्बर्टने इकडेतिकडे पाहिले. तिथे पाहायला कोणी नव्हते. "माणूस म्हणून नाही सोडता येत. साहित्य म्हणून येतोस का?"

"येतो!"

डेल्बर्टने खिशातून एक चिठ्ठी काढली, तिच्यावर 'जुने सामान, नग एक' असे लिहिले आणि दोरीने वर्लिनच्या मनगटाला बांधली. मग वहीत सही घेतली. सामानाने स्वतःच सही केली.

बावीस रांगा वर्लिन ताडपत्रीखालून रांगत चढला. आपले आसन त्याने हाताने चाचपून ओळखले. त्याच्याइतका खड्डा दुसऱ्या कशात नव्हता. बसला, खिशातला चाकू काढला आणि डोक्यावरची ताडपत्री टर्रकन फाडून मुंडके बाहेर काढले. पाहतो तर आजूबाजूला एकतीस हजार छापील माणसे! छपाईवाल्याने स्वस्तात मिळाली म्हणून कुठल्याशा टेनिस सामन्याची गर्दी वापरली होती. त्यामुळे ती सगळीच्या सगळी एकाग्रतेने डावीकडे बघत होती.

साळिंदर नेहमीप्रमाणे हरू लागले. मध्यंतर झाले. बँड मैदानात आला. रांगा फाकल्या आणि मधोमध टॅम्सिन उभी राहिली, एवढीशी पोर आणि अंगाभोवती ते धूड. तिने वर पाहिले. चेहरेच चेहरे, सगळे दुसरीकडे बघणारे. वर्लिनला एवढ्या लांबूनही कळले की पोरगी घाबरली. ताडपत्रीतून एक हात कसाबसा बाहेर काढून तो हलवू लागला, आणि मनगटावरची चिठ्ठी वाऱ्यावर फडफडली.

एकतीस हजारांत एकच तोंड तिच्याकडे बघत होते. टॅम्सिन हसली. आणि मग तिने जे वाजवले, अहाहा! पितळेतून इतका गोड सूर निघतो हे खुद्द पितळेलाही त्या दिवशी कळले असेल. अर्धे मिनिट वर्लिनने श्वास घेतला नाही. संपल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या, ती एकाच माणसाची टाळी सगळ्या स्टेडियमभर घुमली. आनंदाने त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

क्लॉपच्या रानात त्या वेळी टीव्हीवर कवळीच्या पावडरची जाहिरात चालू होती. मग ट्रकची, मग पुन्हा पावडरची. बँड दाखवलाच नाही. मध्यंतरात कधीच दाखवत नाहीत, पण बरगड्या उलटण्याच्या नादात ते आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. जाहिरात संपली तेव्हा पडद्यावर 'प्रेक्षकांत भावनांचा कल्लोळ' असे शब्द आले आणि त्याखाली फाटक्या ताडपत्रीतून वर आलेले एक रडवेले, हसरे तोंड.

"अगं बाई, हा तर आमचा!" ओलेटाच्या हातातला चिमटा गळून पडला. "हा का रडतोय? वाजवलं का तिनं? अरे, वाजवलं की काय!"

शेगडी तशीच पेटती टाकून ती फाटकाकडे धावली. गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. पहारेकऱ्याने आडवा हात घातला.

"बाईसाहेब, सामना संपेपर्यंत पुन्हा प्रवेश नाही."

"माझी नात आहे आत!"

"नाव काय आपलं?" त्याने यादी पाहिली. "ओलेटा स्टकी. पण आपण आतच आहात. हा बघा, हिरवा दिवा."

संध्याकाळी वेस उघडली. ओलेटा घरी आली तेव्हा वर्लिन सोफ्यावर बटाट्यांशेजारी बसला होता.

"कसं वाजवलं रे तिनं?"

वर्लिनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "सांगता येत नाही गं. तिथं असायला हवं होतंस."

ओलेटाने कपाटातून सुतळी काढली. "पुढच्या वर्षी डेल्बर्टला सांग," ती नाक ओढत म्हणाली, "दोन नग म्हणून."

महिन्याभराने विद्यापीठाचा निष्ठावंत प्रेक्षक पुरस्कार जाहीर झाला. तो विभाग दोनशे सहा, तपकिरी सोफा, उजवी कड यांना मिळाला, कारण तिथले प्रेक्षक संपूर्ण सामन्यात जागचे हललेसुद्धा नाहीत. वर्लिनने समारंभाला बटाटेच पाठवले. डॉ. प्रूइट यांनी पोत्याशी हस्तांदोलन करता येत नसल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

यंदा समितीने व्याख्या आणखी व्यापक केली आहे. सोफ्यावर बसून सामना न पाहणारा जर प्रेक्षक, तर कुठल्याही गावच्या खुर्चीत बसून सामन्याची हकीकत वाचणाऱ्याने काय घोडे मारले? तेव्हा वाचकहो, अभिनंदन. आपला क्रमांक एकोणीस हजार चारशे सात. टॅम्सिनने वाजवले तेव्हा आपणही तिथे हजर होतात, अशी नोंद झालेली आहे. आता उठायला हरकत नाही. फक्त जाताना खुर्चीवर पोतेभर बटाटे ठेवा. आकड्यात फरक पडणार नाही.